मुळावरची साय

दात नळाखाली धरून मावशी खसाखसा घासत होती. ब्रशही साधासुधा नव्हे, दवाखान्यात हत्यारं घासायला असतो तो, ताठ केसांचा. तिथे बाद झाला म्हणून घरी आणलेला. मुळाला लालसर, ओलं काहीतरी चिकटलं होतं. ते पुरतं निघेपर्यंत तिनं हात थांबवला नाही. मग वाटीत स्पिरिट ओतलं, दात त्यात बुडवून उलटापालटा केला, आणि कोरड्या पांढऱ्या गॉझच्या कापडात गुंडाळला. दात कसा लख्ख झाला होता!

मागे फरशीवर सून बसली होती, तोंडाला टॉवेल दाबून. वरचा, अगदी समोरचा दात होता तो.

"घाबरू नकोस," मावशी म्हणाली. "अख्खा निघालाय, मुळासकट. तुटला असता तर गोष्ट वेगळी होती. परत बसवतात. मी बसवताना बघितलंय."

सुनेनं मान हलवली.

दारात मुलगा उभा होता. सकाळी सकाळी वाद झाला होता तो सून कामाला जायची त्या दुकानावरून. तिथे बिलं करायच्या गल्ल्यावर ती बसायची आणि आज उशिरापर्यंत थांबावं लागणार होतं. एवढंच. शब्दानं शब्द वाढला, त्यानं एक ठेवून दिली, आणि ती बाजूच्या लोखंडी कपाटाच्या कडेवर तोंडानं आपटली.

"मी मुद्दाम नाही केलं," तो म्हणाला. "मला काय माहीत ती कपाटावर आपटेल म्हणून."

"तू कामावर जा आता," मावशी म्हणाली.

तो व्हॅनची किल्ली घेऊन गेला. आई म्हणून ती त्याला एवढंच बोलली. खरं सांगायचं तर याहून जास्त आजवर कधी बोललीच नव्हती.

आता ही मावशी कुणाची मावशी, हे विचारू नका. दातांच्या दवाखान्यात हत्यारं धुणाऱ्या बाईला सगळे मावशीच म्हणतात, आणि वीसेक वर्षं ते ऐकल्यावर स्वतःचं नाव तिला स्वतःलाच परकं वाटायला लागलं होतं. पण काम असं, की नाव ठेवायला जागा नाही. आरसे, चिमटे, दात उपटायच्या पकडी, सगळं घासून, पुसून, वाफेच्या यंत्रातून काढून ती ओळीनं मांडायची. डॉक्टरबाई नव्या मुलींना सांगत, "मावशींच्या हातून आलेली वस्तू डोळे मिटून पेशंटच्या तोंडात घाला." हे ऐकलं की तिच्या अंगावर मूठभर मांस चढायचं. कॉलेजची मुलं अभ्यासाला काढलेले दात मागायला येत. त्या दातांच्या मुळांवर ही अशीच चिकट साय असायची. मावशी ती घासून काढायची आणि मगच दात द्यायची. "मावशी, तुमचे दात दुकानातून आणल्यासारखे असतात," मुलं म्हणायची. तेव्हा आज सकाळी तिनं जे केलं ते विचार करून केलं असं नाही. हाताला वळणच तसं होतं.

आणि घाईही होती. परवा रविवार, आणि रविवारी सुनेचा भाऊ येणार होता. वर्षातून एकदा यायचा बिचारा, तासभर बसायचा, बहिणीचं तोंड नीट निरखून बघायचा आणि जायचा. मागच्या वेळी जाता जाता मावशीला बाजूला घेऊन म्हणाला होता, "मला नुसती शंका आहे म्हणून गप्प आहे. ज्या दिवशी खात्री होईल त्या दिवशी तिला घेऊन जाईन." समोरचा दात गेलेला दिसला की खात्री व्हायला आणखी काय हवं? दात बसलाच पाहिजे होता. रविवारच्या आत.

सून गेली तर काय होईल, याचा विचारसुद्धा मावशीला सोसत नव्हता. ती यायच्या आधी त्या घरात दोन माणसं राहत होती, पण शब्द म्हणाल तर "वाढ" आणि "झालं". नवऱ्याच्या वेळीही तेच. मग ही आली, आणि तिचं तोंड म्हणजे काय विचारता! गिऱ्हाईक कसं बोललं, मालक कसा चिडला, सगळ्यांच्या नकला. मावशी तिला रेडिओच म्हणायची. "बंद कर गं आता, कान किटले माझे," असं म्हणायची, आणि संध्याकाळी दवाखान्यातून निघाली की त्या रेडिओसाठीच पाय उचलत घरी यायची. पोटच्या पोरापेक्षा ही पोर तिला जवळची होती. हे तिला कळत होतं, आणि तरीसुद्धा.

मुलानं पहिल्यांदा हात उचलला तेव्हा मावशीनं ओलं कापड आणून दिलं होतं आणि म्हणाली होती, "डोकं गरम आहे त्याचं, मन वाईट नाही." दुसऱ्यांदाही हेच म्हणाली. तिसऱ्यांदा म्हणायची गरजच पडली नाही. सून आपली आपणच उठून कापड भिजवायला गेली.

दवाखाना उघडायला अवकाश होता, पण किल्ल्या मावशीकडेच असायच्या. दोघी चालत निघाल्या. रस्त्यात मावशी सुनेचं कोपर धरून हळूच म्हणाली, "बाईंनी विचारलं तर सांग, मोरीत पाय घसरला. काय?"

सुनेनं टॉवेलाआडून तिच्याकडे पाहिलं आणि मान हलवली. तिच्या मान हलवण्यात रागही नव्हता. राग असता तर बरं झालं असतं, असं मावशीला वाटून गेलं.

डॉक्टरबाई फोन केल्याबरोबर आल्या. तरी दात पडून तोवर तासभर सहज गेला होता. त्यांनी सुनेला खुर्चीत आडवं केलं, तोंडातलं रक्त टिपलं, हिरडी बघितली आणि हात पुढे केला. "दात आणलाय? शाब्बास."

मावशीनं गॉझची पुडी उघडून दिली. मनात म्हणाली, आता बघा म्हणावं, कसा स्वच्छ ठेवलाय.

बाईंनी दात दिव्याखाली धरला. गोल फिरवला, हुंगला. त्यांचा चेहराच उतरला.

"हा कुणी घासला?"

त्यांचा आवाज असा होता, की मावशीच्या ओठावर आलेलं "मी" तिथेच अडकलं. मग खुर्चीतून सून बोलली. ओठ सुजलेला, शब्द धड फुटत नव्हते.

"मी घासला. घाण वाटली मला."

"अगं, घाण काय घाण!" बाई भडकल्या. "सासू इथे इतकी वर्षं कामाला, तिला एका शब्दानं विचारायचंस! नुसता उचलून दुधात टाकून आणला असतास तरी चाललं असतं. घासलास, वर स्पिरिट लावलंस, वर कोरडा ठेवलास. काही म्हणून शिल्लक ठेवलं नाहीस."

मावशी भिंतीला टेकून उभी होती. बोल, तोंड उघड, असं ती स्वतःला सांगत होती. मावशीच्या वाटची बोलणी ती पोर खात होती, आणि मावशीच्या तोंडातून शब्द निघत नव्हता.

"काय होतं त्यावर?" शेवटी तिनं विचारलं, तेही कुणा परक्यासारखं.

बाईंनी सुस्कारा सोडला. हातांनी काम चालूच होतं. सुई टोचली, दाताची रिकामी खाच धुतली. "मावशी, दात काही हाडात खिळ्यासारखा ठोकलेला नसतो. मूळ आणि हाड यांच्यामध्ये बारीक बारीक दोऱ्या असतात. एक टोक मुळाच्या वरच्या थरात रुतलेलं, दुसरं हाडात. त्यांच्यावर दात तोललेला असतो. चावलं की किंचित दबतो, सोडलं की वर येतो. विणलेल्या बाजेवर माणूस बसल्यावर होतं ना, तसं. घासात खडा आला तर झटकन कळतं की नाही? ते त्या दोऱ्यांमुळे कळतं. दात पडला की निम्म्या दोऱ्या मुळावर राहतात, ओल्या, जिवंत. तशाच परत खाचेत ठेवल्या तर हाडाशी पुन्हा जुळतात. तुम्ही बघितली असेल की ती साय. काढलेल्या दातांवर असते ती."

"बघितलीये," मावशी म्हणाली. किती शेकडो दातांवरून तिनं ती काढून टाकली होती, कुणास ठाऊक.

"मग आता बसणार नाही का हा?"

"बसवते की. तारेनं शेजारच्या दातांना बांधते. बसेल, आणि पक्का बसेल. नको इतका पक्का. मध्ये काही उरलंच नाही म्हटल्यावर हाड सरळ मुळाला चिकटणार. मग हळूहळू तेच हाड मूळ खात जाणार. दोन वर्षं म्हणा, पाच वर्षं म्हणा. दिसायला दात जागेवर, आत मूळ संपत चाललेलं. एक दिवस पडेल. तेव्हा दुखणारसुद्धा नाही."

त्यांनी दात खाचेत सरकवला. सुनेनं खुर्चीचे हात घट्ट पकडले. मग तार आली, तिच्यावर पांढरा मसाला, त्यावर तो घट्ट करायचा निळा दिवा. आरसा समोर धरला तेव्हा दात होता तिथे दिसत होता. लांबून कुणाला काही कळलं नसतं. रविवार निभावला असता, हे मावशीच्या लगेच ध्यानात आलं, आणि ते ध्यानात आलं याचीच तिला किळस वाटली.

बाईंनी हातमोजे काढले. "आता सांग. पडलीस कशी?"

सुनेनं मावशीकडे पाहिलंसुद्धा नाही. "मोरीत पाय घसरला," ती तारेमागून म्हणाली.

"खोटं बोलतेय ती," मावशी म्हणाली.

दोघींनी वळून पाहिलं.

"दोन्ही वेळा खोटं बोलली. दात मी घासला. मी! या हातांनी, आपल्या इथल्या ब्रशनं. आणि पाय-बिय काही घसरला नाही तिचा. माझ्या मुलानं मारलं. आणि हे काही पहिल्यांदा नाही. घसरला म्हणून सांग, असं मीच पढवून आणलं तिला." आणि मग ती तिथेच, हत्यारांच्या ट्रॉलीला धरून रडायला लागली. "माझं पाप ती आपल्या डोक्यावर घेतेय हो, बाई. अजून घेतेय."

सून उठून बसली. "आई, जाऊ द्या ना," ती म्हणाली.

"नाही. बास झालं." मावशीनं पदरानं तोंड पुसलं. "तुझा फोन दे."

"कशाला?"

"दे म्हणते ना!"

भावाचा नंबर सुनेनंच लावून दिला. मावशी फोन कानाला लावून उभी राहिली. पलीकडून आवाज आला तसा तिनं एकदा डोळे मिटून घेतले.

"मी हिची सासू बोलतेय. नाही, जिवंत आहे ती, घाबरू नका. रविवारची वाट बघू नका, आजच या. आणि येताना मोठी गाडी आणा, सामान असेल." थोडा वेळ तिनं ऐकून घेतलं. "हो. तुमची शंका खरी होती."

भाऊ दुपारी आला. तोवर दोघींनी मिळून कपडे भरले होते. मावशी साड्यांच्या घड्या घालत होती आणि सांगत होती: तारेवर जोर देऊ नकोस, पुढच्या दातांनी काही तोडू नकोस, दहा दिवसांत तिकडच्या डॉक्टरला दाखव, टाळाटाळ करू नकोस. सून हो हो करत होती. रेडिओ काही लागला नाही.

भावानं दारातच बहिणीचं तोंड दोन्ही हातांत धरून पाहिलं. मग तो मावशीकडे वळला. चांगला धिप्पाड माणूस होता.

"आणि तुम्ही? तुम्ही काय करत होतात इतकी वर्षं?"

"मी ओलं कापड देत होते," मावशी म्हणाली.

त्याला ते कळलं की नाही, कोण जाणे. तो बॅगा उचलून जिना उतरला.

सून चपला घालून उंबऱ्यापाशी थांबली. तिनं मावशीचा हात हातात घेतला. स्पिरिटनं आणि गरम पाण्यानं सोललेला, खरखरीत हात होता तो.

"जाते, आई," ती म्हणाली.

निघताना जाते म्हणू नये, येते म्हणावं, हे शेंबड्या पोरालाही ठाऊक असतं. दुकानात जातानासुद्धा कधी चुकून तिच्या तोंडून निघालं, तर मावशी तिला उंबऱ्यातून परत बोलवायची आणि येते म्हणायला लावायची.

"जा," मावशी म्हणाली.

गाडी वळेपर्यंत ती जिन्याच्या खिडकीत उभी होती. मग घरात आली. दाराची कडी लावली नाही. एक खुर्ची ओढून दारासमोर ठेवली आणि मुलगा घरी यायची वाट बघत बसली.