कावळ्याला दिलेला शब्द

अनुसयाच्या दहाव्याला कावळा पिंडाला शिवेना. नदीकाठी ऊन चढलं, भटजी घड्याळ बघू लागले. तिचा भाऊ प्रमोद हात जोडून ओरडला, "आक्के, दाजी दुसरं लगीन करणार न्हाईत!" मला न विचारताच. कावळा फांदीवर चोच पुसत बसला.

मग मी म्हणालो, "सोयाबीन पेरताना बियाण्याला जिवाणू लावीन. तुझ्यासारखंच."

कावळा खाली आला आणि भात घेऊन गेला. माझ्या लग्नाचं त्याला काही पडलेलं नव्हतं.

जिवाणूंचं खूळ अनुसयानं बचत गटाच्या शिबिरातून आणलं होतं. ते सोयाबीनच्या मुळांवर गाठी करून राहतात आणि हवेतला नत्र झाडाला देतात. युरिया लागत नाही. दरवर्षी ती पाकिटातली काळी भुकटी थंड गुळपाण्यात कालवायची, नवरीला हळद लावावी तशी बियाण्याला लावायची, सावलीत सुकवायची. मी म्हणायचो, "ही तुझी माहेरची माणसं. फुकट खायला आली."

"तुमच्यापरीस बरी. खाऊन कामं तरी करत्यात."

जायच्या आधी यंदाचं पाकीट तिनंच आणून ठेवलं होतं. मी ते तिच्या फोटोपुढं ठेवलं, समईला टेकून. बाराव्यानंतरही समई विझवायला मन होईना. पेरणी आली तशी सगळं बियाणं त्याच पाकिटातल्या भुकटीत कालवलं. थोडं खालच्या रानात पेरलं, जिथं ती दरसाल सोयाबीन घ्यायची. उरलेलं वरच्या माळावर. तो पडीक होता, यंदाच फोडला.

फुलं धरायच्या आधी माळ पिवळा पडला. प्रमोद बघायला आला.

"दाजी, पाकीट कुटं ठेवलं व्हतं?"

"तिच्या म्होरं. समईपाशी."

"आवं, त्यावर लिवलेलं असतंय, थंड जागी ठेवा म्हणून. शिजवलं की तुमी सगळ्यांना!"

तो हसला. मीही हसलो आणि तिथंच बांधावर बसलो. मेल्यावर तिला एक शब्द दिला होता, तोही मी दिवा लावून जाळला.

"युरिया टाकू का?" प्रमोद म्हणाला.

"थांब. खालचं बघून येऊ."

खालचं रान हिरवंगार होतं. एक झाड मुळासकट उपटलं. मुळाला गाठीच गाठी. एक नखानं फोडली तर आत लाल. जिवंत गाठ अशीच असते, हे तिनं मला दाखवलं होतं.

"पाकीट मेलेलं, मग ह्या कुणाच्या?" मी विचारलं.

प्रमोद मातीकडं बघत राहिला. "आक्का इतकी वरसं लावत व्हती. तिचेच जिवाणू राहिले असतील मातीत."

मी घरी जाऊन दोन घमेली आणली आणि खालची माती भरायला लागलो.

"ह्ये काय?"

"वर नेऊन सरीत टाकतो."

"दाजी, यंदा लई उशीर झाला. आता काय गाठी धरायच्या न्हाईत."

"मग यंदा टाक तुझा युरिया. पुढच्या साली तितं गाठी धरतील. कावळ्यानं कुठलं साल ते इचारलं नव्हतं."

"येडं झालाय तुमी."

"व्हय. उचल ते घमेलं. तुझीच माणसं हायेत."

त्यानं डोळे पुसले, मला एक शिवी घातली आणि घमेलं डोक्यावर घेतलं.