कोऱ्या रिपोर्टचा आळ

तपासणीत काही सापडलं नाही म्हणून रडणारं माणूस मी पहिल्यांदाच पाहिलं. एरवी आमच्या लॅबच्या खिडकीशी नेमकं उलटं चालतं.

रडत होती ती मुलगी. बाकावर तिची आई आडवी, डोकं मुलीच्या मांडीवर. आईच्या हाडांत कर्करोग. वेदना थोपवायला पाठीवर फेंटानिलचा, म्हणजे अफूच्या जातीचं औषध त्वचेतून सोडणारा पॅच. डॉक्टरांनी लघवी तपासून घेतली, तर अफूच्या जातीचं काहीच दिसलं नाही. म्हणजे पॅच आईला लावलाच जात नाही, मुलगी तो बाहेर विकते, असा तर्क लढवून त्यांनी नवे पॅच बंद केले.

"अंगावरचा संध्याकाळपर्यंतच पुरेल," मुलगी म्हणाली. "ताई, मी आईचं औषध विकीन का हो?"

रिपोर्ट पाहिला आणि माझं टाळकंच सरकलं. तपासणी साध्या स्ट्रिपवर झाली होती. ती मॉर्फिन ओळखते. फेंटानिल तिच्या गावीही नसतं. पण विचारलं तेवढंच तपासायचं, ही आमची शिस्त. खाली सही माझीच होती.

उरलेला नमुना फ्रीजमध्ये होता. तो घेऊन मी साहेबांच्या केबिनमध्ये घुसले.

"मोठं मशीन आत्ता हवंय."

"रांग आहे."

"रांग मी मोडते, बोलणी तुम्ही खा."

साहेब चक्क हसले. "आणि पॅच खरवडून नमुन्याच्या बाटलीत टाकला नसेल कशावरून?"

"म्हणून तर नॉरफेंटानिलही शोधणार. ते औषध पचवताना शरीरच बनवतं. बाटलीत बनत नाही."

नमुना मशीनमध्ये सोडला. पडद्यावरची रेघ ढिम्म. माझा जीव टांगणीला. मग ती उठली ती उठतच गेली: नॉरफेंटानिल. पाठोपाठ दुसरं शिखर, फेंटानिल. इतक्या वर्षांच्या नोकरीत मशीनसमोर कधी नाचले नव्हते, आज नाचले. साहेबांनी खात्रीसाठी पुन्हा चालवायला लावलं, पुन्हा तेच. त्यांनी स्वतः डॉक्टरांना फोन करून चांगलं खडसावलं आणि नवी चिठ्ठी मागवली.

मी धावतच बाहेर गेले. "सापडलं. दोन्ही सापडली."

"आई, तुझ्यात सापडलं गं," म्हणत मुलगी हसता हसता रडायला लागली. मला राहवेना. आधीच्या रिपोर्टवर सही माझीच होती, हे मी आईंना सांगून टाकलं.

त्यांनी डोळेही उघडले नाहीत. "असू दे, बाई. पॅच किती वाजता मिळेल, तेवढं सांग."