राजावाला, बिनराजावाला आणि मी

मी एक जुनी नाव आहे. चार वल्ह्यांची, दोन वल्हवणाऱ्यांची. अंगावरचे डांबर केव्हाच उडाले, आणि नॉर्वेच्या पश्चिम किनाऱ्यावरच्या एका नावघरात मी आता पालथी पडून असते. पोरे माझ्या पाठीवर बसून घोडा घोडा खेळतात. खेळोत बापडी. पण मित्रांनो, ज्या सफरीचा मला अभिमान वाटतो तिची एकही खूण माझ्या फळ्यांवर नाही, म्हणून ती तोंडाने सांगावी लागते.

मला आस्लाक सुताराने बांधले. सिव्हर्टचे ब्रीटाशी लग्न झाले त्या वर्षी त्याने आणि ब्रीटाचा धाकटा भाऊ आन्फिन याने मिळून मला घेतले. अर्धी दाजींची, अर्धी मेव्हण्याची. मी अंगाने जड. एकट्यादुकट्याने ढकलले तर जागची हलायची नाही. पण हे दोघे बसले की त्यांची वल्ही एकाच वेळी पाण्यात पडायची. हेरिंग मासळी खाडीत शिरली की दोन्ही घरांची पिंपे भरायची. गावकरी म्हणत, "वल्हवावं तर या दोघांनी!" ते ऐकून माझी छाती फुगायची.

मग १९०५ साल उजाडले. त्या उन्हाळ्यात आमचा देश स्वीडनच्या राजापासून वेगळा झाला, तोही एक गोळी न झाडता. आता प्रश्न आला: पुन्हा राजा ठेवायचा, की प्रजासत्ताक व्हायचे? डेन्मार्कच्या एका राजपुत्राला गादीवर बोलवावे का, यावर नोव्हेंबरात मतदान ठरले. सिव्हर्ट राजावाला निघाला आणि आन्फिन बिनराजावाला. झाले! मासे राहिले बाजूला, माझ्यातच सभा भरू लागली.

"राजा काय परदेशातून मागवायचा, दाजी? मिठासारखा?" आन्फिन विचारी.

"मीठ परदेशातलंच असतं रे. म्हणून तर आपली मासळी टिकते."

"मासळी मुकी असते, मी नाही. आपल्याकडे सरदार नाहीत, जहागीरदार नाहीत. मग हा एकच माणूस जन्मतःच मोठा कसा?"

"घरात एक वडीलधारं माणूस लागतं, आन्फिन. पक्ष येतील, जातील. कुणीतरी सगळ्यांचं नको का?"

"आपल्या घरात वडीलधारे तुम्हीच. म्हणून तर ही दशा!"

हे मात्र सिव्हर्टला लागले. त्याने वल्ही आत ओढली आणि म्हणाला, "एवढी दशा झाली असेल तर आपली नाव वेगळी कर."

"करतोच. मतदान झालं की हिला विका आणि माझा अर्धा हिस्सा माझ्या हातावर ठेवा."

त्या दिवसापासून मी नावघरात पडले. हेरिंग आली. शेजाऱ्यांच्या नावा भरभरून परतल्या. त्यांचे हसणे मला भिंतीपलीकडून ऐकू येई. माझ्या फळ्या सुकल्या, सांध्यांना भेगा पडल्या. मला रडू येई, पण नावेचे रडणे कोण ऐकतो?

शेवटी ब्रीटाने नवऱ्याला आणि भावाला माझ्यासमोरच उभे केले.

"एक हो म्हणणार, एक नाही म्हणणार. बेरीज शून्य! त्या शून्यापायी माझी पिंपं रिकामी ठेवलीत? रविवारी दोघंही घरी बसा. कुणीच मताला जायचं नाही, आणि नाव विकायचं नावही काढायचं नाही. द्या हातात हात." दोघे घुटमळले तशी ती कडाडली, "आम्हा बायकांना मत नाही आणि तुम्हाला अक्कल नाही. चांगला चाललाय देश!"

मुकाट्याने दोघांनी हात मिळवले. मला वाटले, सुटले बाई मी.

रविवारी सकाळी नावघराचे दार हळूच उघडले. आन्फिन! पायांत चर्चला जायचे बूट. खांदा लावून तो मला ढकलू लागला. घामाघूम झाला, पण मी कसली हलते? तेवढ्यात दार पुन्हा वाजले आणि सिव्हर्ट आत आला. दोघे एकमेकांकडे बघतच राहिले.

"तू इथं काय करतोस?"

"भेगा... भेगा बघत होतो. तुम्ही?"

"मीपण भेगाच."

"काळा कोट घालून?"

"आणि तू पॉलिश केलेले बूट घालून?"

चोरावर मोर भेटला म्हणतात तो असा. सिव्हर्टचे कान लाल झाले. मला धडकी भरली, की आता हे एकमेकांच्या उरावर बसणार. पण आन्फिन खाली बघून म्हणाला, "दाजी, आजवर आपल्याला कुणी काही विचारलं होतं का? आज देश विचारतोय. घरात बसवेना."

"मलाही," सिव्हर्ट म्हणाला.

"मग बघताय काय? ढकला!"

मतदान खाडीपलीकडच्या चर्चमध्ये होते. अर्ध्या वाटेवर वारा उलटला आणि भेगांतून पाणी आत येऊ लागले. त्यातच सिव्हर्टचे वल्हे अडकवायची दोरी तटकन तुटली. वल्हे नुसतेच पाण्यावर थपथप करू लागले. वारा घराच्या दिशेने होता, मागे वळलो असतो तर आपोआप पोहोचलो असतो.

"वळव, आन्फिन," सिव्हर्ट ओरडला. "दोघांचीही मतं बुडाली तर बेरीज तीच!"

"बेरीज ताईला करू दे. मला तुम्हाला हरवायचंय दाजी, पण मतपेटीत. दोरी तुटून नाही."

असे म्हणून त्याने कमरेचा पट्टा सोडला आणि दाजीचे वल्हे मला करकचून बांधले. मित्रांनो, त्या वेळी मला वाटले, असा माणूस आपल्यात बसला, आपल्या जन्माचे सार्थक झाले. पलीकडे उतरून आन्फिन चर्चमध्ये गेला तो एका हाताने विजार धरून. दुसरा हात मत द्यायला मोकळा होता.

निकाल आला. देशाने राजाला होकार दिला होता, तोही भरघोस. आन्फिन घराबाहेर पडेना. आता आपला सौदा होणार, या भीतीने मी गारठले. एका सकाळी तो नव्या दोऱ्या आणि डांबराचे भांडे घेऊन आला आणि माझ्या भेगा भरू लागला. सिव्हर्ट दारात येऊन उभा राहिला.

"विकायची होती ना?" त्याने चाचरत विचारले.

"राजा तुमचा आला, दाजी. नाव अजून अर्धी माझी आहे. कुंचला घ्या."

पुढच्या उन्हाळ्यात राजाचे जहाज आमच्या किनाऱ्याजवळून जायचे होते. सिव्हर्टला बघायला जायचे होते, पण हरलेल्या मेव्हण्याला कुठल्या तोंडाने विचारणार? आन्फिनच त्याला बोलवायला गेला. "चला, तुम्हाला एकट्याला ही थोडीच हलणार आहे!"

खाडीच्या तोंडाशी नावांची जत्रा भरली होती. जहाज आले. सगळ्यांच्या टोप्या डोक्यावरून खाली आल्या. सिव्हर्टने टोपी छातीशी धरली आणि त्याचे डोळे पाण्याने भरले. आन्फिन मात्र टोपी घालूनच बसून राहिला. शेजारच्या नावेतून कुणीतरी खेकसले, "ए बिनराजावाल्या, टोपी काढ!"

सिव्हर्ट गर्रकन वळला. "त्याची टोपी त्याच्या डोक्यावर राहील! या राजाला दिलेलं माझं मत त्यानंच पोहोचवलंय!"

जहाज संथपणे पुढे निघून गेले.

मित्रांनो, राजा चांगला की प्रजासत्ताक, हे मला लाकडाला काय कळणार? ते तुम्ही ठरवा, खुशाल भांडून ठरवा. माझे मागणे एवढेच आहे: वर्षातून एकदा मला डांबर लावायला या, आणि येताना ज्याचे तुमच्याशी मुळीच पटत नाही त्याला बरोबर आणा. मला उलथायला दोघे लागतात.