ताईची पायरी

मान जरा मागे टाका, मित्रांनो. अजून थोडी. भिंत संपून जिथे छत सुरू होते, तिथे काचेच्या झरोक्याखाली ओंजळीएवढा फिकट पिवळा ठोकळा दिसतो ना? तो मी. चढणारी मंडळी मला होल्ड म्हणतात. ही जिम आहे खरी, पण इथे कोणी वजने उचलत नाही. इथे माणसे चार भिंतींच्या आत उभ्या केलेल्या कड्यावर चढतात. कमरेला पट्टा, पट्ट्याला दोर. तो दोर छताजवळच्या कडीतून फिरून पुन्हा खाली जातो, आणि खाली त्याचे दुसरे टोक धरून एक माणूस उभे असते. मला सांगायचे आहे ते त्या खालच्या माणसाबद्दल. पण आधी थोडे माझे ऐका.

मी जन्मलो तेव्हा पातळ होतो, मधासारखा. एका मूर्तिकाराने नदीकाठच्या दगडाची कड पाहून साचा केला, त्यात राळ ओतली, वाळू आणि रंग मिसळला. साच्यात घट्ट होत असताना मला एकच स्वप्न पडत होते, की मी खराखुरा डोंगर आहे आणि माझ्या अंगावरून ढग चालले आहेत. मूर्तिकाराने मला बाहेर काढले, कडा घासल्या आणि हळूच म्हटले, "जा बाबा. धरील त्याला आधार दे." देवाचे नाव घेऊन कामाला लागावे, तसा मी त्या शब्दांवर कामाला लागलो.

सुरुवातीची वर्षे मी तळाशी होतो. नवशिके मला दोन्ही हातांनी कवटाळत. "हा पिवळा किती चांगला आहे!" असे कोणी म्हटले की माझे अंग शहारून येई. दर दीड महिन्याने भिंतीवरचे सगळे होल्ड काढत, धूत आणि नव्या जागी लावून नवा रस्ता तयार करत. रस्ते लावणारे दादा इतके उंच होते की सगळे त्यांना लंबूदादा म्हणत. एकदा त्यांनी मला अगदी वर बसवले. पुढच्या खेपेला काढायला आले, तर माझा बोल्ट नुसता गरगर फिरू लागला. सुटेही ना, आवळेही ना. शेवटी वैतागून त्यांनी दोन्ही बाजूंना लांब स्क्रू मारले, मला गदागदा हलवून पाहिले आणि म्हणाले, "बस मग इथेच. आता तुझ्यापर्यंतच यायचं सगळ्यांनी."

तेव्हापासून खालचा रस्ता बदलतो, मी मात्र तोच. झरोक्यातून ऊन उतरते, हातांना लावायच्या खडूची भुकटी त्या उन्हात धुपासारखी तरंगते आणि तिच्यातून एकेक चेहरा वर येतो. घामेजलेला, घाबरलेला, मला हात लागताच उजळणारा. किती चेहरे पाहिले, काय सांगू! वर पोचल्यावर माणूस क्षणभर डोळे मिटतो. त्या वेळी तो कोणाशी बोलतो, ते मी कधी विचारले नाही. विचारायचे नसते.

त्यात दोन वर्षे दोघी बहिणींतली एक यायची. धाकटी. कॉलेजात शिकणारी, खारीसारखी चपळ. आणि खाली तिचा दोर धरून तिची थोरली बहीण उभी असायची. ताई पडदे शिवण्याच्या कारखान्यात कामाला होती. इथली मेंबरशिप म्हणजे, मित्रांनो, सोपी गोष्ट नव्हे. एका माणसाच्या महिन्याच्या पासात या दोघींच्या खोलीचे अर्धे भाडे निघाले असते. म्हणून पास एकच, धाकटीचा. पण जिमचा तेव्हा एक नियम होता. जो नुसता दोर धरतो, जमिनीवरून पाय उचलत नाही, त्याला पैसे पडत नाहीत. दोर धरायची परीक्षा दोघींनी दिली होती, पण उपयोग फक्त ताईच्या परीक्षेचा झाला.

दोन वर्षे ताई वर बघत राहिली. धाकटीचा पाय चुकण्याआधीच तिला कळायचे. "डावा पाय... डावा गं, जेवायचा हात तो उजवा, विसरलीस का?" असे खालून ओरडायची. धाकटी सुखरूप वर पोचली की आईने शिकवलेली प्रार्थना गुणगुणत हळूहळू दोर सोडायची. आणि धाकटी वर मला लोंबकळत असताना खाली ताईची बोटे दोरावर हलत, जणू तीही एकेक होल्ड धरून चढते आहे. ते मला दिसायचे. धाकटीला दिसत नसे, कारण वर आलेला माणूस झरोक्यातले आभाळ बघतो.

मग एका महिन्याच्या शेवटी मालकांनी काउंटरवर कागद चिकटवला. पुढल्या महिन्यापासून नवे दर, आणि दोर धरणाऱ्यालाही पास लागेल. धाकटी तावातावाने त्यांच्याकडे गेली.

"काका, आम्ही एक पास कसाबसा काढतो. दोन कुठून आणू?"

मालक वाईट नव्हते. कपाळ चोळत म्हणाले, "बाळा, एवढ्या उंच छपराचं भाडं मलाही भरावं लागतं. दोर बदलायचे, गाद्या बदलायच्या. सांग, मी काय करू?"

धाकटी परत आली. "ताई, उद्या आपला शेवटचा दिवस. उद्या तू चढ. एका दिवसाचं तिकीट काढू."

"आणि चढायच्या बुटांचं भाडं कोण देणार? त्या पैशांत तुझी दोन पुस्तकं येतील."

"एकदाच गं."

"मला उंचीची भीती वाटते," ताई म्हणाली. साफ खोटे. हे सांगताना ती माझ्याकडेच बघत होती.

दुसऱ्या दिवशी दोघी लवकर आल्या. भिंत बंद होती. लंबूदादांनी नवा रस्ता लावला होता आणि त्याची चाचणी व्हायची होती. इथली रीतच तशी. नवा रस्ता लोकांना खुला करण्याआधी एका उंच आणि एका बुटक्या माणसाने चढून पाहायचा. उंच म्हणजे स्वतः लंबूदादा. बुटक्यांच्या वतीने काउंटरवरची मुलगी चढायची आणि तक्रार न करता शेवटी उडी मारून मला धरायची, पण ती नोकरी सोडून गेली होती. दादांनी हॉलभर नजर फिरवली आणि ती ताईवर येऊन थांबली.

"ताई, तुमची उंची किती हो?"

"का? स्टूल कमी पडतंय का तुम्हाला?"

"तसं नाही. मला एक बुटकं माणूस हवंय."

"बुटकं कोणाला म्हणता? तुमच्यापुढे तर दरवाजाही बुटका!"

धाकटी खो खो हसली. मग एकदम थांबली आणि मालकांकडे वळली. "काका, चाचणीला पास लागतो का?"

मालकांनी ताईकडे पाहिले, चिकटवलेल्या कागदाकडे पाहिले. "नाही. चाचणी म्हणजे काम. कामाला कसला पास? बूट घ्या त्या फळीवरचे. भाडं नको."

ताईने हातातला दोर धाकटीकडे दिला आणि कमरेला पट्टा बांधला.

मित्रांनो, मी आयुष्यात खूप जण वर येताना पाहिले, पण त्या दिवशीसारखी वाट कधी पाहिली नाही. ती हळू येत होती. प्रत्येक होल्डला आधी स्पर्श करायची, देवळाच्या उंबऱ्याला करावा तसा, आणि मग धरायची. मध्यावर ती थांबली, श्वास घेतला, पुन्हा निघाली. उन्हातल्या भुकटीतून तिचे केस दिसले, कपाळ दिसले. आणि माझ्यापासून वीतभर अंतरावर तिचा हात थांबला. तो पोचेना.

"उडी मारा!" खालून लंबूदादा ओरडले.

"उडी कशाला? मला चाचणीला चढवलंत ना? मग ऐका. तुमचा रस्ता इथे चुकलाय. पायाला काही नाही."

"अहो, सगळे पोचतात तिथे!"

"सगळे म्हणजे तुम्ही!"

इतकी वर्षे दादा स्वतःच्या हातांच्या मापाने रस्ते लावत आले होते, आणि माझ्या खालून कितीतरी माणसे वीतभरासाठी परत गेली होती. त्यांना वाटायचे, आपल्यातच बळ कमी. मला ते माहीत होते, पण तेव्हा माझे ऐकणारे कोण होते?

दादा दुसऱ्या दोरावरून वर आले. ताई आपल्या दोरावर झोपाळ्यात बसावे तशी बसून राहिली. ती बोट दाखवील तिथे दादांनी अंगठ्याएवढा होल्ड स्क्रूने बसवला. यात बराच वेळ गेला.

"ताई, माझी मान दुखायला लागली गं!" खालून धाकटी म्हणाली.

"दोन वर्षं झाली. मला कधी विचारलंस?"

ताईने ते हसतच म्हटले होते. पण धाकटीने दोर दोन्ही हातांनी घट्ट धरला आणि वर पाहिले. त्या क्षणी तिला मीही दिसत नव्हतो, आभाळही दिसत नव्हते.

"नाही विचारलं," ती म्हणाली. "चुकलं माझं. तू उतरू नकोस. हवं तेवढं थांब."

ताईने त्या इवल्या पायरीवर अंगठा टेकवला, शरीर उचलले आणि मला धरले. सुईने टोचून टोचून खरखरीत झालेली तिची बोटे होती. इतकी वर्षे आधार देण्याचे काम केले मी, पण त्या दिवशी वाटले, हिने मला धरले आहे आणि आता मी पडणार नाही. तिने डोळे मिटले नाहीत. ती खाली बघत राहिली, दोर धरून उभ्या असलेल्या बहिणीकडे. मग तिची ती प्रार्थना सुरू झाली, या वेळी छताखालून, आणि उन्हातली भुकटी तिच्याभोवती सावकाश फिरत राहिली.

पुढच्या महिन्यापासून नवे दर लागू झाले. दोघी येईनाशा झाल्या. नंतरच्या दोन चाचण्यांना लंबूदादांनी ताईला बोलावून घेतले. तिसऱ्या वेळी तिला कारखान्यातून सुट्टी मिळाली नाही. पण दादा आता प्रत्येक नव्या रस्त्यात माझ्याखाली एक छोटा होल्ड लावतातच. मंडळी त्याला 'ताईची पायरी' म्हणतात. त्या पायरीवरून रोज कितीजण माझ्यापर्यंत येतात. कोण ही ताई, असे नवे लोक विचारतात. जिने ही जागा शोधली, तिला इथे रोज यायला परवडत नाही, हे त्यांना कोण सांगणार?

म्हणून तुम्हाला सांगतो, मित्रांनो. मी साधा राळेचा ठोकळा, मला जास्त कळत नाही. पण तुम्ही जिथे कुठे वर चढत असाल, तिथे खाली कोणीतरी तुमचा दोर धरून उभे असेल. खाली उतरा आणि त्या माणसाला विचारा, "तुला यायचंय का वर?" ते नाही म्हणेल. भीती वाटते म्हणेल. त्यावर विश्वास ठेवू नका. त्याच्या हातातला दोर आपल्या हातात घ्या.