एक बोट रुंद

वेंडेलिनच्या दुकानात तापलेल्या मेणाचा वास भरून राहिला होता, आणि माझी नणंद बुर्गल माझ्या नव्या स्कींवर गाणं रचत होती.

"वहिनीच्या स्की बाई शेवयांच्या काड्या,
ओढायला हव्यात आता शेळ्यांच्या गाड्या!"

दुकानातली गिऱ्हाइकं हसली. वेंडेलिन हातातला पान्हा काउंटरवर आपटून ताल धरत होता. टोमण्याचं गाणं ही ऑस्ट्रियातल्या आमच्या डोंगराळ तिरोलातली जुनी खोड. दोन ओळी, एक यमक, आणि समोरच्याची फजिती. बुर्गलला ते श्वास घेतल्यासारखं सुचतं. माझ्या लग्नात तिनं भर पंगतीत वाजंत्री थांबवून गायलं होतं,

"सपाटीची नवरी आली डोंगराच्या घरी,
पहिल्याच उतारावर आपटली बुडावरी!"

मी डॅन्यूबकाठच्या सपाट मुलखातली. स्कीवर पहिल्यांदा उभी राहिले ती लग्न ठरल्यावर, आणि बुडावर आपटले होते हे खरंच होतं. त्यामुळे रागावायचीही सोय नव्हती.

इतकी वर्षं आमच्या स्की माझा नवरा लेन्झ निवडायचा. या हिवाळ्यात त्याचा खुबा बदलला आणि तो खिडकीपाशी खुर्चीत बसला. "यंदा तुमचं तुम्ही बघा," म्हणाला. बघायचं होतं ते मार्चमधल्या संत योसेफच्या सणासाठी. त्या दिवशी आमच्या घरचे लोक कावळखिंड ओलांडून पलीकडच्या खोऱ्यात ऑटिलमावशीच्या खानावळीत जेवायला जातात. सासऱ्यांच्या वडिलांपासूनची रीत. यंदा लेन्झ रस्त्यानं गाडीतून जाणार होता, आणि डोंगरावरून आम्ही दोघीच.

वेंडेलिननं माझ्यापुढे एक अरुंद स्की आडवी धरली, तिच्या कमरेवर, म्हणजे मधल्या निमुळत्या भागावर, हात ठेवला. बरोबर चार बोटं.

"खिंडीखालचा उतार मार्चमधे कसा असतो माहितीये ना? वारा घासून घासून पार काच करतो त्याची. तिथं अरुंद स्की पटकन कडेवर उभी राहते आणि धरून ठेवते. पण रानातल्या भुसभुशीत बर्फात हीच स्की बुडेल, आणि तू मला शिव्या देशील."

"मग दोन्हीकडे चालेल अशी दे ना."

"तशी अजून कुणी केलेली नाही, वहिनी. तुला भीती कशाची वाटते ते सांग. मी त्यावरच स्की देतो."

"कडक बर्फाची."

"मग हीच."

"आणि मला कशाचीच भीती वाटत नाही," बुर्गल मधेच म्हणाली, आणि भिंतीवरची जांभळी, रुंद, पिसासारखी हलकी जोडी उतरवून घेतली. तिची कंबर पाच बोटं भरली. "बूट धरायला माझी जुनीच बाइंडिंगं बसव यावर. चांगली आहेत अजून."

"आणि दात?"

दात म्हणजे बुटाखाली अडकवायचा दातेरी पत्रा. तो स्कीच्या दोन्ही कडांवरून खाली उतरतो आणि कडक बर्फात रुततो.

"आहेत की. पिशवीच्या तळाशी कधीचे पडलेत."

"लागतील ना?"

"माझे दात माझ्याच बाइंडिंगला नाही लागणार, तर काय तुझ्या कवळीला लागतील?"

सगळे हसले. मीही हसले. वेंडेलिननं कवळीवर हात ठेवून मान डोलावली आणि पान्हा उचलला.

योसेफच्या दिवशी आम्ही पहाटेच्या अंधारात निघालो. रानात आदल्या दिवशीचा ताजा बर्फ पडला होता, मऊ आणि खोल. वेंडेलिनचा शब्द खरा ठरला. माझ्या अरुंद स्की पावलागणिक बुडत होत्या. चढताना घसरू नये म्हणून तळाला चिकटवलेल्या केसाळ पट्टीवर, जिला आम्ही कातडं म्हणतो, बर्फाचे गोळे धरत होते. बुर्गल पुढे होऊन वाट पाडत होती आणि थांबत होती, वाट पाडत होती आणि थांबत होती.

"ये गं, शेवयांची राणी! आपण पोचेपर्यंत मावशीचं सूप गार होईल."

"लेन्झ पिऊन टाकेल गार व्हायच्या आत."

"त्याला एवढा खुबा नवीन दिलाय, पोट जुनंच ठेवलंय."

मजेत चाललं होतं. पण रानातून वर आलो तेव्हा समोरच्या शिखरांवर ऊन उतरलं होतं, म्हणजे माझ्यामुळे आम्हाला उशीर झाला होता. रानाच्या वरची घळ पूर्वेला तोंड करून बसलेली. ती ऊन लागायच्या आत चढून जायची असते, नाहीतर बर्फ सुटतो. आम्ही चढलो, धापा टाकत, न बोलता. घळीच्या माथ्यावरच्या खडकाखाली पोचलो तेव्हा आमच्या पाठीमागे घळ उन्हानं पिवळी झाली होती.

पुढे तो उतार होता.

डावीकडे खाली घसरत जाणारा, सावलीतला, निळसर. त्याच्या तळाशी काळे कडे, आणि कड्यांखाली ओढ्याची घळई. पलीकडे, हाक मारली तर ऐकू जाईल इतक्या जवळ, खिंडीचा सपाट खांदा. मी काठीचं टोक बर्फावर मारलं. टण्ण वाजलं. टोक शिरलं नाही.

"दात लाव," बुर्गल म्हणाली. मी खाली बसून माझे दात अडकवले. कट् कट् करून दोन्ही बसले. मग बुर्गलनं पिशवीच्या तळातून आपले काढले, बुटाच्या टोकापाशी खाचेत सरकवले आणि खाली दाबले.

ते खाली गेले नाहीत.

तिनं काढून पुन्हा सरकवले. पुन्हा दाबले. पत्र्याचे दोन्ही पाय जांभळ्या स्कीच्या पाठीवर टेकून राहिले होते, गाईच्या पाठीवर बसलेल्या कावळ्यासारखे. कडांवरून उतरायला त्यांना एक बोटभर जागा कमी पडत होती. दात बाइंडिंगचेच होते. फक्त जुन्या, अरुंद स्कीच्या मापाचे होते.

बुर्गलनं मुठीनं ठोकलं. मग काठीच्या मुठीनं. पत्रा वाकला नाही. ती थांबली आणि माझ्याकडे न बघता म्हणाली, "एक बोट. एका बोटानं घात केला गं."

"मागे फिरू या."

माझ्या बोलण्याला घळीनंच उत्तर दिलं. वरच्या कड्याखालून बर्फाचा एक लहानसा लाडू निघाला आणि उन्हात घरंगळत मोठा होत खाली गेला. त्याच्या मागे दुसरा. मग तीन-चार एकदम. जिथून आम्ही आत्ता वर आलो होतो तिथे आमची वाट पुसली गेली. थोड्या वेळानं लाडू नाही, अख्खा उतारच निघाला असता.

फोनला रेंज नव्हती. ती खिंडीवरच येते. दोर आणि बर्फात खाचा पाडायची कुऱ्हाड नेहमी लेन्झच्या पिशवीत असायची, आणि लेन्झची पिशवी घरी खुंटीला होती. बुर्गलनं बुटाची ठोकर मारून पाहिली. नखाएवढी खपली उडाली.

"ऐक वहिनी. तू पलीकडे जा. तुझे दात धरतील. खिंडीवरून फोन कर."

"आणि तू?"

"मी इथं खडकाला चिकटून बसते."

आम्ही दोघींनी वर पाहिलं. खडकाच्या वरही बर्फाची जाड झालर लोंबत होती, आणि तिच्या कडेवरून थेंब टपकू लागले होते. एक थेंब बुर्गलच्या टोपीवर पडला. तिनं टोपी झटकली. जिला प्रत्येक गोष्टीवर दोन ओळी सुचतात तिला या थेंबावर एकही सुचली नाही.

मी तिच्या स्कींकडे बघत होते. चढताना टाच मोकळी असते. बूट फक्त पुढच्या दोन खिळ्यांवर धरलेला असतो, आणि ते खिळे सगळ्यांचे सारखेच.

"डावी स्की काढ," मी म्हणाले.

"काय?"

"डावी काढ. माझी एक तू घाल, तुझी एक मला दे. डावा पाय दरीकडचा, सगळा भार त्याच्यावर. दात तिथंच हवेत. दोघींना एकेक."

"वेडी आहेस का? दोन दातांवर तू नक्की पलीकडे पोचशील. एकावर..." तिनं वाक्य गिळलं. "लेन्झला काय तोंड दाखवू?"

"दोघी मिळून दाखवू. काढ लवकर. थेंब मोजत बसायची ही वेळ नाही."

तिनं माझ्याकडे पाहिलं. लग्नापासून ती माझ्याकडे पाहत आली आहे, पण वरून खाली. या वेळी समोर पाहिलं. मग वाकून कळ दाबली आणि जांभळी स्की पायातून सुटली.

खडकाला पाठ लावून, एका पायावर डुलत आम्ही अदलाबदल केली. माझी उजवी अरुंद स्की दातासकट तिच्या डाव्या पायात गेली. तिची जांभळी माझ्या उजव्या पायात आली, हलकी, परकी, दुसऱ्याच्या पोरासारखी. ती माझ्या बुटाची कळ स्वतःच्या हातानं वर ओढून पाहत होती. घट्ट आहे ना, सुटणार नाही ना. मग मी तिची पाहिली.

"टाचेखालचा टेकू काढ," ती म्हणाली. "पाय सपाट पडू दे, नाहीतर दात रुतणार नाहीत. आणि दरीकडे बघू नकोस."

"तू बघतेस का?"

"मी कधीच बघत नाही. म्हणून तर गाते."

मी पुढे झाले. डावा पाय टेकवला, सगळा जीव त्यात ओतला. दात करकरत रुतले. मग उजवा. रुंद स्की काचेवरच्या बशीसारखी सरकली, थोडी खाली आली आणि डाव्या स्कीला टेकून थांबली. पुन्हा डावा. कर्र. उजवा हलकेच, नुसता सोबतीला. मागून बुर्गलचं कर्र ऐकू येत होतं, माझ्यामागून, माझ्याच खुणांत.

निम्म्यावर आलो आणि मागचा आवाज थांबला.

"बुर्गल?"

मला वळता येत नव्हतं. वळायचं म्हणजे दात उचलायचा. फक्त डोळ्यांच्या कोपऱ्यातून तिची निळी काठी दिसत होती, थरथरणारी.

"सरकली," ती अगदी बारीक आवाजात म्हणाली. "उजवी सरकली. आता पाय उचलवत नाहीये."

"डावा धरतोय?"

"धरतोय. पण तो माझं ऐकत नाही."

मी काय करू शकत होते? हात पोचत नव्हता. दोर नव्हता. पाठीमागे घळीतून एक लांब, ओला, जड आवाज आला, कुणीतरी भरलेलं पोतं ओढत नेल्यासारखा. खडकाखाली आम्ही जिथं उभ्या होतो तिथून धूर उठल्यासारखा बर्फ उडाला. आम्ही दोघींनी ते ऐकलं.

मग माझ्या तोंडातून ते आपोआप आलं, बेसूर, फाटक्या आवाजात.

"सपाटीची नवरी आली डोंगराच्या घरी..."

मी पुढची ओळ आठवू लागले.

"पहिल्याच उतारावर... बसली बुडावरी..."

"बसली नाही," मागून आवाज आला. "आपटली."

"काय?"

"बसली नाही, आपटली! बावळट. ओळीचा जीवच गेला ना. नीट म्हण."

"मग तूच म्हण की, वन्सं."

ती म्हणू लागली. आधी कुजबुजत, मग थोडं मोठ्यानं. "सपाटीची" वर डावा, "नवरी" वर उजवा. कर्र, आणि सरक. कर्र, आणि सरक. मी तिच्या तालावर पाय टाकत गेले. माझी फजिती त्या सबंध उतारावर वाजत होती, कड्यांवर आपटून परत येत होती, आणि मी आयुष्यात कुठलंही गाणं इतकं मन लावून ऐकलं नसेल.

खिंडीवर पोचलो तेव्हा ऊन तोंडावर आलं. बुर्गल बर्फात सपशेल आडवी झाली. पिवळ्या चोचीचे दोन कावळे खडकावर येऊन भाकरीच्या तुकड्याची वाट बघत बसले. ती आभाळाकडे बघतच म्हणाली,

"एक स्की तुझी गं बाई, एक स्की माझी,
डोंगराला कळेना, कोण कुणाची."

यात टोमणा नव्हता. तिला न आवडणारी गोष्ट. म्हणून ती लगेच उठली आणि म्हणाली, "आण माझी जांभळी. उतरताना टाच अडकवावी लागते, आणि तिची मागची कळ तुझ्या बुटाच्या मापाची नाही."

पलीकडचा उतार मऊ होता. वर पातळ पापुद्रा, खाली पीठ. माझ्या अरुंद स्की पापुद्रा फोडून आत गेल्या आणि मी, अर्थातच, आपटले. बुर्गल गायली नाही. खाली थांबली आणि ओरडली, "माझ्या रेघेत ये. मी दाबून ठेवलंय." तिच्या रुंद रेघेत मी उतरले, वळणामागून वळण.

ऑटिलमावशीच्या खानावळीत चीजचे गोळे घातलेलं सूप वाफाळत होतं. लेन्झ खिडकीपाशी पाय लांब करून बसला होता. त्यानं आधी माझ्या तोंडाकडे पाहिलं, मग बहिणीच्या. आम्ही दोघी त्याच्यासमोर एकाच बाकावर बसलो. एरवी तो आमच्या मधे असतो.

"काय, कशा निघाल्या नव्या स्की?" त्यानं विचारलं.

बुर्गलनं चमचा सुपात बुडवला. मी टेबलाखाली माझा गुडघा तिच्या गुडघ्याला लावून ठेवला.

"निम्म्या चांगल्या," ती म्हणाली.

"कुणाच्या?"

"दोघींच्या."