सुरक्षा दिनाचं लोखंडी हेल्मेट

लग्न ठरलं तेव्हा मावशीने तिला बाजूला घेऊन सांगितलं होतं, "मुलगा गुणी आहे, घर खाऊनपिऊन सुखी आहे. पण त्या घरातले पुरुष क्रेनच्या धोक्याच्या भोंग्याला 'सासू' म्हणतात आणि वर पोट धरून हसतात. तिथे डोळे उघडे ठेवून राहावं लागेल हो बाई."

ती खुदकन हसली होती. "मावशी, मी मुलाशी लग्न करतेय, क्रेनशी नाही."

हा तिचा गैरसमज होता. त्या घरात क्रेनशी संसार केल्याशिवाय कुणालाच राहता येत नसे. बैठकीच्या खोलीत माणसांचे फोटो कमी आणि यंत्रांचे जास्त, आणि ज्या फोटोंत माणसं होती त्यांतही ती कुठेतरी चाकाशेजारी अंग चोरून उभी. पहिल्या फोटोत पणजेसासरे आणि त्यांची हाताने फिरवायची क्रेन. दोन गडी दोन बाजूंनी दांडा फिरवायचे, आणि एखाद्याचा हात सुटला की दांडा उलटा फिरून थेट जबड्यावर. पणजेसासरे फोटोत तोंड घट्ट मिटून उभे आहेत, त्याचं कारण तेच असावं.

दुसऱ्या फोटोत आजेसासऱ्यांची वाफेची क्रेन. ती रुळांवर चालायची. रूळ जिथवर, तिथवर तिचं राज्य. त्यापलीकडच्या ओझ्याला रुळाजवळ आणायचं काम पुन्हा माणसांचंच. मग सासऱ्यांच्या काळात क्रेन ट्रकवर चढली आणि हवी तिथे हिंडायला लागली. दोरांवर चालणारी ती गाडी. तिचा बूम, म्हणजे पुढचा लांबलचक हात, लोखंडी जाळीचा असायचा. तो तुकड्यातुकड्यांनी आणायचा, जमिनीवर जोडायचा, मग उभा करायचा. ओझं उचलायला चहा पिण्याइतका वेळ, आणि गाडी जोडायला अख्खा दिवस. सासऱ्यांना त्या दिवसांची अजून हळहळ होती.

आणि शेवटी तिच्या नवऱ्याची क्रेन. तेलाच्या दाबावर चालणारी. बूम दुर्बिणीच्या नळ्यांसारखा एकातून एक सरकत बाहेर येतो. केबिनमध्ये कॉम्प्युटर. ओझं किती, बूम किती लांबला, किती झुकला, गाडीचे चारी पाय नीट पसरलेत का, सगळं तो बघतो. जास्त झालं तर भोंगा वाजवतो, तरी ऐकलं नाही तर गाडीच अडवून धरतो. हा भोंगा म्हणजे क्रेनच्या यार्डातली 'सासू'. तिला गप्प करायला एक किल्लीही असते. ती खरं तर अगदीच अडचणीच्या वेळेसाठी, पण यार्डात तिचा मुक्काम कायम खोबणीतच. माणसाने पिढ्यान्‌पिढ्या डोकं झिजवून क्रेनला बोलायला शिकवलं, आणि ती बोलायला लागल्यावर पहिलं काम काय केलं, तर तिच्या तोंडावर फडकं टाकलं.

"निदान माझ्यावर तरी कुणी फडकं टाकलं नाही," सासूबाई म्हणायच्या. "नुसतं ऐकत नाहीत, एवढंच."

तर त्या दिवशी यार्डाचा सुरक्षा दिन होता. मालकांनी फाटकाजवळ एक स्मारक बसवायचं ठरवलं होतं: लोखंडी हेल्मेट, खोलीएवढं मोठं, पिवळंधमक. ते क्रेनने उचलून चौथऱ्यावर ठेवायचं, सगळ्या घरच्या मंडळींसमोर, प्रमुख पाहुण्यांच्या उपस्थितीत. उचलणार तिचा नवरा. आणि त्याआधी जुने उस्ताद म्हणून सासऱ्यांचा सत्कार.

सकाळी सासरे आरशासमोर भाषण घोकत होते. नवरा बुटांना पॉलिश करत होता. ती ठमीला, म्हणजे त्यांच्या वर्षाच्या मुलीला, कडेवर घेऊन दुधाची बाटली शोधत होती.

"हेल्मेट जरा जड झालंय," नवरा बुटाकडे बघत म्हणाला. "वाऱ्याने हलू नये म्हणून बनवणाऱ्याने बुडाला काँक्रीट ओतलंय."

"मग?"

"मग काय? चौथऱ्याला चिकटून गाडी लावली असती तर चुटकीसरशी झालं असतं. पण तिथे आता स्टेज टाकलंय. लाल गालिचा, खुर्च्या, फुलं."

"मग गाडी कुठे लावणार?"

"मागे. कुंपण आणि स्टेजच्या मधल्या पट्टीत."

ती थांबली. ठमी कडेवर असली की तासन्‌तास चालता यायचं. पण हीच ठमी अंगणातून चिखल माखून आली, की साडीला लागू नये म्हणून हात लांब करून धरावी लागायची, आणि न्हाणीघरापर्यंत पोचताना खांदे भरून यायचे. पोर तीच, वजन तेच. अंगापासून लांब गेलं की ओढ वाढते. यासाठी कॉलेजात जायची गरज नव्हती, पण ती गेलीही होती.

"अहो, लांबून उचलायचं म्हणजे जास्तच जड. आणि तेवढ्या जागेत स्टेजकडचे पाय तरी पूर्ण उघडतील का?"

"अर्धे उघडतील."

"अर्ध्यावर कॉम्प्युटर उचलू देईल?"

"किल्ली आहे की."

"किल्लीने वजन कमी होतं?"

"किल्लीने कटकट कमी होते," नवरा म्हणाला आणि आरशासमोरून सासरे असे हसले की भाषणाचं पुढचं वाक्यच विसरले.

"सूनबाई," ते म्हणाले, "आमच्या वेळी कुठला आलाय कॉम्प्युटर? गाडी उलटायला आली की बुडाखालच्या सीटला कळायचं."

"आणि कळल्यावर काय करायचात, बाबा?"

"उडी मारायची," सासरे अभिमानाने म्हणाले.

तिच्या पोटात गोळा आला. पण तिच्या पोटात गोळा येणं ही त्या घरात बातमी नव्हती. गॅस बंद आहे ना, बाल्कनीचं दार लावलं ना, ठमीच्या तोंडात काय आहे, असे गोळे दिवसभर येत-जात असत, आणि घराने त्यांनाही हळूहळू किल्ली लावली होती. "हो हो, बघतो" ही ती किल्ली.

यार्डात पोचल्यावर तिने आधी क्रेनच बघितली. स्टेजकडचे दोन्ही पाय खरोखरच अर्धे बाहेर आले होते. चौथरा पुढे बराच लांब. मधोमध गालिचा, त्यावर कुणी पाय देऊ नये म्हणून एक शिपाई. ती तडक सुरक्षा अधिकाऱ्यांकडे गेली. ते छातीवर बिल्ला लावून माइकची वायर ठीक करत होते.

"साहेब, ते पाय अर्धेच उघडलेत."

"अरे वा, वहिनी! आलात का? बसा ना, पुढच्या रांगेत बसा."

"पाय, साहेब. क्रेनचे. ओझं जड आहे, लांब आहे."

अधिकाऱ्यांनी आवाज खाली आणला. "वहिनी, आज सुरक्षा दिन आहे हो. आज कसं काही होईल?"

"मग स्टेज तरी बाजूला घ्या."

"स्टेज?" त्यांनी तिच्याकडे अशा नजरेने बघितलं, की जणू तिने पाहुण्यांना उचलून चौथऱ्यावर ठेवायला सांगितलंय. "गालिचा खिळे मारून बसवलाय, वहिनी."

कार्यक्रम सुरू झाला. निवेदक हौशी होता. आधी सगळ्यांना उभं केलं, मग बसवलं, मग शपथेसाठी पुन्हा उभं केलं. "माझ्यामागे म्हणा," म्हणाला की मंडळी म्हणत. "जोरात टाळ्या," म्हणाला की वाजवत. थोड्याच वेळात ती गर्दी इतकी तयार झाली की निवेदकाने नाक खाजवलं तरी चार-पाच जणांनी खाजवलं असतं. मग सुरक्षा अधिकाऱ्यांनी क्रेनच्या खुणा करून दाखवल्या. अंगठा वर म्हणजे बूम वर, मूठ मिटली म्हणजे जागच्या जागी थांब. "आणि दोन्ही हात सरळ वर, तळवे पुढे," ते म्हणाले, "म्हणजे धोका, ताबडतोब थांब! बाकी खुणा फक्त नेमलेल्या माणसाने करायच्या. ही एकच खूण कुणीही करू शकतं, अगदी झाडूवालासुद्धा, आणि ऑपरेटरने ती मानलीच पाहिजे." टाळ्या.

सासऱ्यांना भलीमोठी पितळी ढाल मिळाली. ती दोन्ही हातांनी छातीशी धरून त्यांनी भाषण केलं. दांड्यापासून वाफेपर्यंत आणि वाफेपासून दोरापर्यंत ते झपाट्याने आले, पण दोराशी आल्यावर तिथेच रमले. "आजची पोरं बटणं दाबतात," ते म्हणाले. "आम्ही गाडी अंगाने चालवायचो!" पुन्हा टाळ्या. बोलता बोलता त्यांची नजर कुंपणाकडे गेली, अर्ध्या पायांवर पडली. ते क्षणभर अडखळले. मग त्यांनी ढालीकडे बघितलं आणि भाषण पुढे नेलं.

ती पहिल्या रांगेत, प्रमुख पाहुण्यांच्या शेजारी बसली होती. केबिनमध्ये नवरा बसला. इंजिन गुरगुरलं. भोंगा एकदा कण्हल्यासारखा वाजला आणि बंद झाला. किल्ली.

दोर ताणले. पिवळं हेल्मेट जमिनीवरून सुटलं, वीतभर वर आलं, हळूच फिरलं. सगळ्यांच्या माना वर. वर्षाच्या मुलीची आई मात्र जगाकडे खालूनच बघते, कारण धोका असतो तो फरशीवर: बटण, टाचणी, माती. तिची नजर क्रेनच्या पायांवर होती. ओझं ज्या बाजूला झुकलं होतं तिकडचा अर्धा पाय आपल्या लाकडी फळ्यांसकट जमिनीत रुतत चालला होता. आणि पलीकडचा पाय, जो फळीवर घट्ट बसलेला असायला हवा, त्याच्याखालून तिला एक पांढरी रेघ दिसली. उजेडाची. गाडी उचलली जात होती.

ठमीला खाली ठेवावं तर खाली खिळे. तिने ठमी उचलली आणि सरळ प्रमुख पाहुण्यांच्या मांडीवर दिली.

"धरा जरा," ती म्हणाली. उभी राहिली. दोन्ही हात सरळ वर, तळवे पुढे.

शेजारच्या बाईंनी बघितलं. त्यांना वाटलं कार्यक्रमातलं काहीतरी असेल आणि आपलंच लक्ष नव्हतं. त्यांनीही हात वर केले. मग त्यांच्या मुलांनी. मग मागची रांग, त्यामागची रांग, कोपऱ्यातला चहावाला. बघता बघता सगळा जमाव हात वर करून उभा. गालिच्यावरच्या शिपायानेही केले. निवेदक गोंधळला, पण मागे पडायला नको म्हणून त्यानेही केले. प्रमुख पाहुण्यांना करता आले नाहीत, कारण ठमीने त्यांचा चष्मा धरला होता.

केबिनच्या काचेतून तिच्या नवऱ्याला दिसलं, की मालकासकट अख्खा यार्ड आपल्याला थांब म्हणतोय.

तो थांबला. हेल्मेट अधांतरी डुललं. मग त्याने ते मुंगीच्या पावलांनी खाली आणलं, आणि पलीकडचा पाय फळीवर असा धप्पकन बसला, की पहिल्या रांगेच्या खुर्च्या हादरल्या.

मग निवेदक ओरडला, "आणि हे होतं आजचं विशेष प्रात्यक्षिक!"

टाळ्यांचा कडकडाट झाला. मालकांनी हात खाली घेऊन आधी घाम पुसला, मग फोटो काढून घेतला. पाहुणे म्हणाले, असा शिस्तबद्ध सुरक्षा दिन आपण उभ्या आयुष्यात पाहिला नाही.

पाहुण्यांची गाडी फाटकाबाहेर पडल्यावर मालकांनी नवऱ्याला ऑफिसात बोलावलं. ती बाहेर उभी होती. दार लावलेलं होतं, पण मालकांचा आवाज लावलेला नव्हता.

"बायकोचं ऐकून गाडी चालवणार तू? मग तिलाच बसव केबिनमध्ये! उद्यापासून टायरच्या गोदामात जा."

घरी येऊन नवऱ्याने दार लावलं आणि तोंड उघडलं. "एवढ्या लोकांसमोर माझं नाक कापलंस."

"एवढ्या लोकांसमोर उलटला असतात," ती म्हणाली. "पहिल्या रांगेवर. आमच्यावर."

"उलटली नसती."

"पाय उचलला होता! माझ्या डोळ्यांनी उजेड बघितलाय मी पायाखालून."

नवरा बूट काढायला वाकला आणि वाकलेलाच राहिला. "सीटला कळलं होतं," तो म्हणाला.

"काय?"

"गाडी हलकी झाली ते. कळलं होतं मला."

"मग थांबला का नाहीत?"

"सगळे बघत होते गं."

सासरे ढाल भिंतीवर लावायला खिळा शोधत होते. "मलाही दिसलं होतं, सूनबाई," ते तिच्याकडे न बघता म्हणाले. "पण माझे दोन्ही हात ढालीत अडकले होते."

"ढाल खाली ठेवता येते हो," सासूबाई स्वयंपाकघरातून म्हणाल्या. त्या रात्री पहिल्यांदाच त्यांचं म्हणणं कुणी हसण्यावारी नेलं नाही.

हेल्मेट अजून तिथेच पडलंय, जमिनीवर. स्टेजही हललेलं नाही. मालकांना पुढच्या रविवारी कार्यक्रम पुन्हा करायचाय, यावेळी प्रेक्षकांशिवाय, नुसत्या फोटोसाठी. चौथऱ्यावर हेल्मेट दिसलं की झालं. दुसऱ्या यार्डातून एक ऑपरेटर मागवलाय. तरुण आहे, हात चांगला आहे, आणि मालकांच्या मते सगळ्यात मोठा गुण म्हणजे प्रश्न विचारत नाही.

"त्याचं लग्न झालंय का?" तिने नवऱ्याला विचारलं.

"तुला कशाला हव्यात चौकशा?"

"कुणी बघायला असेल का तिथे त्याच्याकडे, एवढंच विचारतेय."

नवऱ्याला ठाऊक नव्हतं. त्या मुलाला त्याच्या यार्डात सगळे 'गपचूप' म्हणतात, यापलीकडे कुणालाच काही ठाऊक नव्हतं. नवऱ्याने निरोप पाठवलाय, पण टायरच्या गोदामातून गेलेला निरोप कोण मनावर घेतो? ती दोनदा फाटकापर्यंत जाऊन आली. शिपायाने आत सोडलं नाही.

तेव्हा तिचं तुमच्याकडे एकच मागणं आहे. तुमच्या गल्लीत, तुमच्या जिन्यात, वरच्या मजल्यावर असा एखादा कमी बोलणारा, क्रेन चालवणारा मुलगा राहत असेल, तर रविवार उजाडायच्या आत त्याचं दार वाजवा. उपदेश नको, तो घाबरेल किंवा चिडेल. चहा हवा का विचारा, आत या म्हणाला तर बसा, आणि बोलता बोलता सहज विचारून बघा, की बाबा रे, गाडी उभी कुठे करणार आहेस.