लिंबांचा रंगारी

गोदामात त्याला सगळे रंगारी म्हणत. खरं तर त्याने आयुष्यात भिंतीला ब्रश लावला नव्हता. त्याचं काम लिंबं पिवळी करण्याचं. बागेतून माल हिरवा यायचा. आतून तयार, रसाने भरलेला. पण परदेशातल्या गिऱ्हाइकाला हिरवं लिंबू कच्चं वाटतं. म्हणून पेट्या बंद खोलीत ठेवून गॅस सोडायचा आणि साल पिवळी झाली की बाहेर काढायच्या. लवकर काढला तर माल फिका, उशीर झाला तर बोटीवर कुजणार. ती वेळ रंगारी नुसत्या नजरेने सांगायचा.

त्या वर्षी दुसऱ्या एका देशाचं पीक लांबलं आणि तिकडच्या बाजारात भाव चढला. त्यांचा माल उतरायच्या आत आपला पोचला पाहिजे, म्हणून मालकाने सगळ्यांना कामाला जुंपलं. रंगारी उजाडायच्या आत निघायचा, दिवे लागल्यावर परतायचा. बायको त्याला दिसायची ती स्वयंपाकघरातल्या बल्बखाली. तिचं जेवण तुटलं होतं, अंगाला खाज सुटायची. एकदा ताट वाढताना तिने विचारलं, "अहो, मी जरा पिवळी दिसते का?"

त्याने मान वर केली. दिवसभर पिवळ्याधमक साली बघून आलेल्या डोळ्यांना तिचा चेहरा पांढराच वाटला.

"पिवळं काय असतं ते मला शिकवतेस होय? बल्ब पिवळा आहे, बाई."

ती हसली. एवढा जाणकार घरात असल्यावर डॉक्टरला फी कशाला द्या, म्हणाली. पुन्हा तिने तो विषय काढला नाही. शेजारीण दवाखान्यात चल म्हणाली, तर तिलाही नवऱ्याच्या नजरेचा दाखला दिला.

हंगाम संपत आला तेव्हा तिची थोरली बहीण आली. दारात चपला काढायच्या आधीच तिने बहिणीची पापणी खाली ओढून पाहिली आणि गाडी बोलावली. पित्ताच्या वाटेवर गाठ होती. आधी आणलं असतं तर काढता आली असती, असं डॉक्टर म्हणाले. आता हात लावण्यात अर्थ नव्हता.

तिची खाट मोठ्या खिडकीशी होती. त्या उजेडात कुणीही सांगितलं असतं. रंगारी तिच्या हाताकडे बघत बसायचा. ती त्याला एका शब्दाने बोलली नाही. बोलली असती तर बरं झालं असतं. उलट माल वेळेवर पोचला का, हेच विचारायची. पोचला होता, भावही चांगला मिळाला होता.

तिचं तेरावं आटोपल्यावर थोरली बहीण परत निघाली. रंगारी तिला सोडायला फाटकापर्यंत गेला.

"ताई, शिव्या तरी द्या मला."

"दिल्या की, मनातल्या मनात," ती म्हणाली. "खूप दिल्या. संपल्या आता, भावोजी."

तिने पिशवी उचलली. तो वाटेतून हलेना.

"जरा इकडे उन्हात उभ्या राहता?"

तिला कळलं. पिशवी खाली ठेवून तिने तोंड उन्हाकडे केलं, आणि तो बघत होता तोवर ती हलली नाही.